गीता १८.६३ : शेवटी निर्णय अर्जुनाचाच



आज अठराव्या अध्यायातला ६३वा श्लोक. गीता संपायला आता फक्त पंधरा श्लोक राहिले. खरं सांगायचं तर हा श्लोक मी कित्येक वर्षं नुसता वाचून पुढे गेलो. आपल्या सगळ्यांचं लक्ष पुढच्या ६६व्याकडे असतं ना, शरणागतीचा तो श्लोक. त्याच्या आधी तीन पावलांवर देव काय म्हणून गेलाय, इकडे लक्षच जात नाही.

६३व्यात भगवंत म्हणतात, की जे गुह्यातलं गुह्य ज्ञान होतं ते मी तुला सांगून झालो. आता त्याचा पूर्ण विचार कर, आणि मग तुला वाटेल ते कर.

जरा थांबून बघा. हे कोण म्हणतंय? ज्याने अकराव्या अध्यायात विश्वरूप दाखवलं, तो. अर्जुन तिथे थरथर कापत होता. तेव्हाच "ही माझी आज्ञा आहे" म्हणून विषय संपवला असता तर अर्जुनाने एक अक्षर काढलं नसतं. पण देवाने तसं केलं नाही. आणखी सात अध्याय समजावलं आणि निर्णय परत अर्जुनाच्या हातात ठेवला.

इथे कुणी म्हणेल, अहो पण चारच श्लोक आधी, ५९व्यात, देव वेगळंच सांगतात. तू लढणार नाही म्हणालास तरी तुझा स्वभावच तुला लढायला लावील. मग निर्णय उरला कुठे? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. आता मला एवढं कळतं, की स्वभाव ओढतोच, परिस्थितीही ओढते. पण फरफटत जाणं वेगळं आणि विचार करून पाऊल टाकणं वेगळं. ७३व्या श्लोकात अर्जुन म्हणतो, माझा संशय गेला, तू सांगतोस तसं करीन. हा होकार अर्जुनाच्या तोंडून यावा म्हणून सगळी गीता थांबली आहे.

हे सगळं आज इतकं डोक्यात घोळतंय त्याला कारण आहे. शनिवारी आमचा गीतेचा वर्ग होता, नारायण पेठेत, एका मित्राच्या घरी. वर्ग संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. सिव्हिल इंजिनिअर, नोकरीला लागून सहा महिने झालेत. काँक्रीटची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये आहे. बांधकामावरून काँक्रीटचे ठोकळे येतात, अठ्ठावीस दिवसांनी ते मशीनमध्ये दाबून फोडायचे आणि किती ताकदीला फुटले तो आकडा नोंदवायचा, असं तिचं काम. एका इमारतीच्या स्लॅबचे ठोकळे कमी आकड्याला फुटले. वरिष्ठ म्हणाले, "आकडा थोडा वर लिही आणि सही कर. सगळीकडे असंच चालतं." तिने दोन दिवस मागून घेतलेत. घरी वडील आजारी आहेत, घर तिच्या पगारावर चाललंय.

ती म्हणाली, "दादा, माझ्या एका सहीने काय होणार आहे? मी नाही केली तर दुसरं कुणीतरी करेलच की."

मला पटकन काही सुचलं नाही. आम्ही बोलत बोलत शनिवारवाड्यापर्यंत चालत गेलो आणि तिथे बसल्यावर मला रामशास्त्री आठवले. गंमत बघा, वर्ग झाला ती पेठ नारायणराव पेशव्यांच्या नावाची आणि आम्ही बसलो होतो त्यांचा खून झाला त्या वाड्याच्या भिंतीशी.

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. नारायणराव अठरा वर्षांचा. थोरले माधवराव थेऊरला जाऊन वर्षही झालं नव्हतं. पगार थकले म्हणून गारदी वाड्यात घुसले. नारायणराव पळत काकाकडे, राघोबादादांकडे गेला. त्याने काकाला मारलेली ती हाक पुण्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. आणि आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला ही कथाही. तिला पक्का पुरावा नाही, पण आपल्या भाषेत तिची म्हण होऊन बसली आहे.

मला नेहमी वाटतं, त्या एका अक्षराने आपलं सगळं लक्ष खाऊन टाकलं. अक्षर बदलणारी एक व्यक्ती सापडली की बाकीचे सुटतात. त्या दिवशी वाड्यात कितीतरी माणसांनी काहीतरी ठरवलं. गारद्यांच्या म्होरक्यांनी ठरवलं. तुळाजी पवार तर वाड्यातलाच नोकर, त्याने ठरवलं. राघोबादादांनी ठरवलं. आणि चापाजी टिळेकर नावाच्या एका सेवकानेही ठरवलं. तो आपल्या धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्याबरोबर मारला गेला. त्याला विचार करायला अठरा अध्याय मिळाले नव्हते.

खून झाला. राघोबा पेशवे झाले, साताऱ्याहून वस्त्रं आली. आता विचार करा, कारभार तर चालवायलाच हवा. कारकून कामावर आले, फडावर दौती-लेखण्या निघाल्या. जो गेला तो गेला, जो आहे तो धनी. मी त्यांना नावं ठेवत नाही. मी तिथे असतो तर मीही कामावर गेलो असतो. (का, ते पुढे सांगतो.)

न्यायाधीश होते रामशास्त्री प्रभुणे. साताऱ्याजवळच्या माहुलीचे. शिक्षण उशिरा झालेलं, काशीला जाऊन केलेलं. १७५९ पासून न्यायाधीशी त्यांच्याकडे. घरात एका दिवसाला पुरेल त्याहून जास्त ठेवायचं नाही अशी त्यांची राहणी होती, असं ग्रँट डफसारख्या ब्रिटिश इतिहासकारानेही लिहून ठेवलंय. त्यांनी या खुनाचा तपास सुरू केला. कुणाविरुद्ध? जो आता राज्याचा मुख्य आहे, ज्याच्या सहीने त्यांचा पगार निघतो, त्याच्याविरुद्ध. आणि हा राघोबा काही साधा माणूस नव्हे. मराठ्यांच्या फौजा अटकेपर्यंत नेणारा तोच. काही आठवड्यांत पुरावा हाती आला तेव्हा शास्त्रीबुवा समोर जाऊन उभे राहिले. राघोबांनी विचारलं, याला प्रायश्चित्त काय? शास्त्रीबुवांनी सांगितलं, देहान्त. दुसरं काही नाही. आणि तुम्ही सत्तेवर आहात तोवर मी या कारभारात पाऊल ठेवणार नाही. एवढं बोलून पुणं सोडलं आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

मी इथवर सांगितल्यावर ती म्हणाली, "पण मग झालं काय? राघोबा तर पेशवेच राहिले ना?"

प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. राघोबांचं सैन्य मोहिमेवर गेलं. शास्त्रीबुवा खेड्यात. सिनेमात दिसतं तसं लगेच काही फिरत नाही. (प्रभातचा १९४४ चा 'रामशास्त्री' जरूर बघा, गजानन जागीरदारांचं काम फार सुंदर आहे.)

पण एक गोष्ट झाली होती. हा खून आहे आणि खुनी कोण आहे, हे राज्याच्या न्यायाधीशाने तोंडावर सांगितलं होतं. आता कुणाला "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणायची सोय राहिली नाही. पुढे सखारामबापू, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे ही मंडळी एकत्र आली, तेच बारभाई. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होत्या, त्यांना पुरंदरावर नेलं. मार्च १७७४ मध्ये पंढरपूरजवळ त्रिंबकराव राघोबांशी लढताना पडले. १८ एप्रिलला सवाई माधवराव जन्मले. बारभाईंनी रामशास्त्र्यांना मानाने परत बोलावलं आणि १७८९ मध्ये देह ठेवीपर्यंत ते न्यायाधीश राहिले. बारभाई काही एकट्या शास्त्र्यांमुळे उभे राहिले असं मी म्हणत नाही, त्यात राजकारण भरपूर होतं. पण सगळ्यांच्या आधी, एकट्याने, फौज पाठीशी नसताना 'नाही' म्हणणारा माणूस हाच.

आणि राघोबांनी काय ठरवलं? घरात जमेना म्हणून ते इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५, सुरतेचा तह. मला पेशवाई मिळवून द्या, साष्टी आणि वसई घ्या. त्यातून सात वर्षांचं युद्ध झालं. जानेवारी १७७९ मध्ये आपल्या वडगाव मावळात मराठ्यांनी इंग्रजांना कोंडून शरण आणलं, ते याच युद्धात. १७८२ ला सालबाईचा तह झाला, राघोबांना तनखा लावून कोपरगावला बसवलं. संपलं? नाही. वीस वर्षांनी, १८०२ च्या शेवटच्या दिवशी, त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव त्याच वाटेने गेला. संकट आलं तसा इंग्रजांच्या आश्रयाला पोचला आणि वसईचा तह करून बसला. नोव्हेंबर १८१७ मध्ये याच शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. बापाने एकदा पाडलेली वाट मुलाला तयार मिळाली, असं मला तरी दिसतं.

आता आपल्यासारख्या नाम घेणाऱ्यांसाठी रामशास्त्र्यांची अजून एक गोष्ट, माधवरावांच्या वेळची. तरुण माधवराव जपात, ध्यानात फार रमू लागले होते. एकदा शास्त्रीबुवा कामासाठी आले तर पेशवे ध्यानाला बसलेले. काम खोळंबलं. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी काशीला जायची परवानगी मागितली. कारण विचारल्यावर म्हणाले, तुम्हाला जपतपच करायचं असेल तर तुम्हीही चला, गंगेकाठी बसू. पण राज्य अंगावर घेतलंय तर लोकांचा न्याय करणं हाच तुमचा धर्म आहे. माधवरावांनी ऐकलं आणि आपला क्रम बदलला. पेशव्यालाच जपावरून टोकणारा माणूस, आणि तोही शास्त्री!

ही गोष्ट मला लागते. का, ते सांगतो म्हटलं होतं.

सात वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कंपनीत होतो. दवाखान्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर होतं. टेस्टिंग अर्धवट होतं हे मला माहीत होतं. वरून निरोप आला, "तू फक्त अप्रूव्ह कर, बाकीचं आम्ही बघतो." मी बटण दाबलं. त्या रात्री झोप येईना म्हणून हरिपाठ दोनदा म्हटला. मनाला बरं वाटलं, अगदी शांत वाटलं. आज मला त्या शांततेचीच लाज वाटते. पंधरा दिवसांनी चुकीची बिलं गेल्याचं उघड झालं. कुणाला तरी जबाबदार धरायचं होतं. बीडकडचा एक मुलगा होता, ट्रेनी. त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. मी त्याच खोलीत बसलो होतो. अप्रूव्हल माझं होतं. मी काही बोललो नाही, नि त्या दिवशीही संध्याकाळी नामस्मरण चुकवलं नाही.

महाभारतात द्रौपदी भरसभेत प्रश्न विचारते तेव्हा भीष्म-द्रोण बसलेले असतात आणि उभा राहतो कोण, तर विकर्ण, दुर्योधनाचाच भाऊ. कर्ण त्याला गप्प करतो. पुढे तो कौरवांच्याच बाजूने लढून मरतो. म्हणजे त्याचंही पुरतं जमलं नाही. पण त्या एका दिवशी तो बोलला होता. माझ्या खात्यात तेवढंही नाही.

हे मी तिला तिथेच बसून सांगितलं. काय कर ते सांगितलं नाही. तिच्या वडिलांचं औषध मी आणणार नाहीये, मग मी कोण सांगणारा? एवढंच म्हटलं, की तुझा प्रश्न "एका सहीने काय होणार" असा आहे, पण ते रामशास्त्र्यांना माहीत नव्हतं, राघोबांनाही माहीत नव्हतं. ते कळल्यावर ठरवायचं म्हटलं तर कुणालाच काही ठरवता येणार नाही. तुला काय माहीत आहे? ठोकळा किती आकड्याला फुटला, ते.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "त्या मुलाचं पुढे काय झालं?"

मला माहीत नव्हतं. रात्री घरी येऊन त्याला शोधलं, लिंक्डइनवर सापडला. मेसेज लिहिला, चार वेळा खोडला, पाठवला नाही.

काल रात्री तिचा मेसेज आला. तिने वरिष्ठांना ईमेल केलाय, की मशीनवर आलेला आकडा अमुक आहे, रिपोर्टमध्ये वेगळा लिहायचा असेल तर तसं लेखी कळवावं. उत्तर अजून आलेलं नाही. रात्रभर पोटात गोळा आलाय म्हणाली. खाली एक ओळ होती, "दादा, तुम्ही पाठवलात का?"

मी आज सकाळी पाठवला. त्याने अजून वाचलेला दिसत नाही.

उद्या ६४वा श्लोक. वाचून या.