खोली बदलली की पाळणाघरही बदलायचं?

प्रश्न : अंबड एमआयडीसीत कंत्राटदारामार्फत पॅकिंगचं काम करते. अकरा महिने झाले की घरमालक खोली सोडायला लावतो. मग मुलीचं पाळणाघर बदलतं, माझे खाडे होतात, पगार कापला जातो. काय करू? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, पाळणाघर खोलीच्या जवळच हवं असं नाही. ते कामाच्या ठिकाणाशी जोडलं, तर खोली बदलली तरी मुलीची जागा बदलत नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावीच लागते. आईला दिवसातून चारदा मुलाकडे जाऊ द्यावं लागतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. या ५० मध्ये पुरुषही धरले जातात. ‘कंत्राटी बायकांना लागू नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. चारचौघींनी मिळून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर कामगार उपायुक्त कार्यालय गाठा. मूल सांभाळणं ही आईची खासगी अडचण समजून तिचा पगार कापणं मला अन्यायाचंच वाटतं.

पाळणाघर दुपारी, न सांगता पाहून या. एका बाईकडे किती मुलं, झोपायची जागा कोरडी आहे का, फाटकाची कडी मुलांच्या हाताला लागते का?

आता खोली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी करायचीच आहे, तर करार चोवीस महिन्यांचा मागा.