शालेय भोजन : शिधा आणि शिजलेले अन्न

शाळेत येणाऱ्या मुलाला सरकारने काय द्यावे, धान्य की जेवण? प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. तांदूळ तोच, तो घरी शिजला काय आणि शाळेत शिजला काय, असे कोणीही म्हणेल. परंतु आपल्या देशातील शालेय भोजनाचा इतिहास पाहिला, तर या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्या योजनेचे यशापयश अवलंबून असल्याचे दिसते. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडक्यात विचार करावयाचा आहे.

मुलांना शाळेतच जेवू घालण्याची कल्पना आपल्याकडे दक्षिणेत रुजली. मद्रास शहराच्या नगरपालिकेने १९२० च्या सुमारास ती प्रथम अमलात आणली. स्वातंत्र्यानंतर मुख्यमंत्री कामराज यांनी १९५६ च्या सुमारास तिला राज्यव्यापी रूप दिले. पुढे १ जुलै १९८२ रोजी एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने तमिळनाडूत पौष्टिक भोजनाची मोठी योजना सुरू केली. हा खर्च राज्याला झेपणार नाही अशी टीका तेव्हा झाली. योजना मात्र टिकली.

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी देशव्यापी कार्यक्रम आखला. हेतू शिजलेले जेवण देण्याचाच होता. पण तशी सोय होईपर्यंत कोरडे धान्य वाटण्याची मुभा ठेवली गेली. ही मुभाच पुढे बहुतेक राज्यांत रीत होऊन बसली. ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ किंवा गहू मिळे. महाराष्ट्रातही तांदूळच वाटला जात असे.

येथे थोडे गणित करून पाहावे. महिन्याला ३ किलो म्हणजे दिवसाला १०० ग्रॅम. घरात पाच माणसे असतील, तर हा तांदूळ एकाच हंडीत पडणार आणि मुलाच्या वाट्याला जेमतेम २० ग्रॅम येणार. यात आईबापांचा दोष नाही. गरिबाच्या चुलीवर एकट्या मुलासाठी वेगळे शिजत नसते. शाळेत मात्र तेच १०० ग्रॅम मुलाच्याच ताटात पडतात. शिवाय महिन्याकाठी मिळणाऱ्या पिशवीने दुपारच्या तासाला लागलेली भूक भागत नाही, आणि रोज शाळेत येण्याची ओढही लागत नाही.

२००१ साली देशात धान्याची कोठारे भरलेली असताना दुष्काळी भागांत लोक उपाशी होते. तेव्हा ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला, की सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला वर्षातून किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजलेले जेवण द्यावे. आपल्या शाळांतून दुपारी खिचडी शिजू लागली ती या आदेशानंतर. पुढे प्राथमिक वर्गांसाठी हे प्रमाण ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने असे वाढविण्यात आले, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने या जेवणाला हक्काचे स्थान दिले.

शिजलेल्या अन्नाचा आणखी एक गुण आहे, तो म्हणजे पंगत. धान्याची पिशवी ज्याची त्याने घरी न्यावी. जेवायला मात्र शेजारी बसावे लागते. स्वयंपाकासाठी दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे, असे न्यायालयाने २००४ साली सांगितले, तेव्हा काही ठिकाणी पालकांनी मुलांना त्यांच्या हातचे जेवू देण्यास विरोध केला. शिधा वाटून हा प्रश्न कधीच उघडा पडला नसता, आणि सुटण्याच्या वाटेलाही लागला नसता.

अर्थात चूल आली की जबाबदारीही आली. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत जेवणात कीटकनाशक मिसळले गेल्याने २३ मुले दगावली. ही घटना शिजवण्याविरुद्धचा पुरावा नसून निष्काळजीपणाविरुद्धचा आहे. वाढण्यापूर्वी शिक्षकासह दोनतीन मोठ्या माणसांनी अन्न चाखावे, असा नियम २०१५ साली झाला. २०२० च्या महामारीत शाळा बंद पडल्या तेव्हा नाइलाजाने पुन्हा शिधा वाटावा लागला. घरात धान्य गेले, पण ताट, वेळ आणि पंगत यांची उणीव त्याने भरून निघाली नाही.

२०२१ साली योजनेचे नाव ‘पीएम पोषण’ झाले. नावे बदलतात, भार मात्र स्वयंपाक करणाऱ्या बाईवरच राहतो. केंद्राने २००९ साली तिचे मानधन महिना १,००० रुपये, तेही वर्षातील दहाच महिने, असे ठरविले. त्यात राज्ये आपापल्या परीने भर घालतात, इतकेच. आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होऊन खेड्यांत जातील. तेथे खिचडीचा हिशेब लिहिणे ही शिकविण्यातील अडचण आहे, असे वाटण्याचा मोह होईल. परंतु उपाशी मुलापुढे फळ्यावर काय लिहिले आहे याला फारसा अर्थ नसतो. तेव्हा रोज ती खिचडी आधी चाखून पाहणे आणि ती रांधणाऱ्या बाईला योग्य मोबदला मिळावा म्हणून बोलणे, हा शिक्षकाच्या कामाचाच भाग मानला पाहिजे.