ट्रॉली ओढणारी पिकअप : हुकची उंची कशी ठरवावी?

शिवडीच्या हाजी बंदरापासून दारूखान्यापर्यंतच्या पट्ट्यात लोखंड कापणारे, वेल्डिंग करणारे, होड्यांची दुरुस्ती करणारे आणि जनरेटर-कॉम्प्रेसर भाड्याने देणारे अनेक कारागीर आहेत. त्यांची यंत्रे दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेली असतात. काम बंदराच्या आसपास असले की ट्रॉली चार माणसे ढकलूनही नेतात. काम लांब असले की ती पिकअपच्या मागे जोडली जाते. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि उरण-पनवेलचे काम शिवडीच्या कारागिराला जवळचे वाटू लागले. काम लांबचे झाले तशी गाडीची गतीही वाढली. बंदराच्या खड्ड्यांत ताशी १५ किलोमीटरने चालताना जी चूक लपून राहत होती, ती मोठ्या रस्त्यावर ५० च्या गतीला जिवावर बेतते.

ही चूक बहुतेक वेळा हुकच्या उंचीपासून सुरू होते. म्हणून या लेखात आम्ही हुकची उंची कशी मोजावी आणि ट्रॉलीवर माल कसा ठेवावा, हे दोन विषय घेत आहोत. हे दोन्ही विषय एकमेकांना लागून असले तरी एक नाहीत. त्यांची गल्लत झाली की अपघात होतो.

एका कारागिराची गोष्ट

आमच्या परिचयातील एका वेल्डरने पिकअपला हुक बसवून घेतला. गाडी रिकामी असताना गॅरेजवाल्याने माप घेतले. रिकाम्या पिकअपची मागची बाजू उंच असते, म्हणून हुक बराच खाली उतरवला. कामावर जाण्याच्या दिवशी गाडीत सिलिंडर, केबल, हत्यारे आणि तीन माणसे बसली. मागचे पाटे दबले, हुक आणखी खाली गेला आणि ट्रॉलीचे नाक जमिनीकडे झुकले. ते सरळ करण्यासाठी त्याने जनरेटर ट्रॉलीवर मागे सरकवला. नाक वर आले आणि ट्रॉली दिसायला सरळ झाली. उतारावर मात्र ती डावी-उजवीकडे झोके खाऊ लागली. त्याने घाबरून जोरात ब्रेक दाबला. कपलर उसळून सुटला, साखळी नव्हती, ट्रॉली दुभाजकावर आदळली. कोणाला इजा झाली नाही, पण जनरेटर भाड्याने आणलेला होता. दुसऱ्याची अमानत मोडली आणि ती भरून देण्यात त्याचे सहा महिने गेले.

मुळात दोष उंचीचा होता, पण त्याने इलाज मालाच्या जागेवर केला. उंची चुकली असेल तर हुक बदलावा, माल हलवू नये.

माल कुठे ठेवावा?

ज्यांनी बैलगाडी किंवा दारूखान्यातली हातगाडी चालवली आहे त्यांना हे शिकवण्याची गरज नाही. गाडीचा भार आसाच्या मागे गेला की पुढची बाजू वर उचलते. आपल्याकडे त्याला गाडी उलाळ होणे म्हणतात. जाणता हमाल भार आसाच्या किंचित पुढे ठेवतो, म्हणजे दांडी हातात थोडी जड लागते आणि गाडी ताब्यात राहते. ट्रॉलीचेही तसेच आहे. तिचा दांडा पिकअपच्या हुकवर थोडा दाबून बसलाच पाहिजे.

हा दाब किती असावा? अमेरिकेत ट्रॉलीच्या एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के दाब ठेवण्याचा प्रघात आहे. युरोपात हलक्या ट्रेलरसाठी ५ ते ७ टक्के चालतो. आमच्या मते जनरेटर-कॉम्प्रेसरच्या ट्रॉलीसाठी १० टक्के धरून चालावे. ट्रॉली यंत्रासह १२०० किलो असेल तर हुकवर १२० किलो यायला हवेत. दाब फार कमी असेल तर ट्रॉली झोके खाते. फार जास्त असेल तर पिकअपची मागची बाजू बसते आणि पुढची चाके हलकी होतात.

पुढची चाके कशी हलकी होतात ते पाहा. समजा, पिकअपच्या दोन आसांमधील अंतर ३ मीटर आहे आणि हुक मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आहे. हुकवर १२० किलो आले की तराजूच्या नियमाने पुढच्या आसावरचे ४८ किलो कमी होतात आणि मागच्या आसावर १६८ किलो वाढतात. दाब दुप्पट झाला तर पुढचा आस ९६ किलोने हलका होतो. पावसात स्टीअरिंग हलके वाटू लागते आणि वळणावर गाडी सरळच जाऊ पाहते. शिवाय हुकवरचे १२० किलो हे पिकअपच्याच भारात मोजायचे असतात. तेवढा माल गाडीतून कमी करावा लागतो.

दाब मोजणे शिवडीत अवघड नाही. ट्रॉलीचे एकूण वजन वेब्रिजवर करून घ्यावे. मग ट्रॉली सपाट जागी उभी करून चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत आणि दांड्याचे टोक भंगाराच्या वखारीतल्या प्लॅटफॉर्म काट्यावर ठोकळा ठेवून टेकवावे. ठोकळा इतका उंच असावा की ट्रॉली सरळ राहील. काट्यावरचा आकडा वजा ठोकळ्याचे वजन, तोच दाब होय. दाब कमी-जास्त असेल तर यंत्र पुढे-मागे करावे आणि योग्य जागा मिळाली की तिथेच बोल्टने कायमचे आवळून टाकावे. डिझेलची टाकी भरलेली असतानाच वजन करावे.

आता उंचीचे माप

नियम एवढाच की, दोन्ही गाड्या भरलेल्या असताना ट्रॉली जमिनीशी समांतर उभी राहिली पाहिजे. माप याच क्रमाने घ्यावे :

१) भरलेली ट्रॉली सपाट जागी जॅकवर उभी करावी. चासीवर पाणसळ ठेवून ती अगदी सरळ करावी. कपलरच्या वाटीच्या आतल्या माथ्यापासून जमिनीपर्यंत टेपने मोजावे. समजा, हे माप ४८ सेंटिमीटर आले.

२) पिकअपला सरळ पट्टी लावून तिच्यावर गोळा बसवावा व गोळ्याच्या माथ्याची उंची मोजावी. रिकाम्या गाडीत ती समजा ६१ सेंटिमीटर आहे.

३) रोजचे सामान आणि रोजची माणसे गाडीत बसवावीत. टायरमध्ये हवा पूर्ण असावी. आता माप ५६ झाले.

४) हुकवर येणाऱ्या दाबाइतके वजन हुकजवळ ठेवावे. १२० किलोसाठी साठ-साठ किलोची दोन माणसे मागच्या कडेवर बसवली तरी काम भागते. माप ५३ झाले.

५) ५३ मधून ४८ वजा केले की ५ राहतात. म्हणजे पट्टी ५ सेंटिमीटर खाली उतरवलेली हवी.

आमच्या वेल्डर मित्राच्या गॅरेजवाल्याने ६१ मधून ४८ वजा करून १३ सेंटिमीटर उतरवले असते. गाडी भरल्यावर गोळा ४० वर आला असता, म्हणजे ट्रॉलीचे नाक ८ सेंटिमीटर खाली. एका चुकीच्या वेळी घेतलेल्या मापाने एवढा फरक पडतो.

एक-दोन सेंटिमीटरचा फरक राहिलाच तर नाक किंचित खाली असलेले बरे, वर नको. नाक वर असले की ट्रॉलीचा मागचा भाग गतिरोधकावर घासतो. उंच यंत्राचा भारही मागे झुकतो. एका आसाच्या ट्रॉलीत हा परिणाम थोडा असतो. दोन आसांच्या ट्रॉलीत मात्र तो मोठा असतो, कारण नाक वर गेले की मागच्या आसावर जवळजवळ सगळा भार येतो आणि खाली गेले की पुढच्या आसावर. टायर त्या बाजूचेच फुटतात. म्हणून दोन आसांच्या ट्रॉलीला माप अचूकच हवे.

युरोपातील नियमांनुसार भरलेल्या मोटारीच्या गोळ्याचा मध्य जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर उंच असतो. तिकडून आलेल्या जुन्या ट्रॉलीचे नाक म्हणूनच आपल्या उंच पिकअपला ठेंगणे पडते. अशा वेळी ट्रॉलीचे पाटे उंच करण्याच्या नादी लागू नये. पट्टी उतरवावी, तेच स्वस्त आणि सुरक्षित.

गोळा, साखळी आणि चासी

गोळ्याचे माप आणि कपलरचे माप एकच असावे. युरोपीय पद्धतीचा गोळा ५० मिलिमीटरचा, तर अमेरिकन गोळे पावणेदोन नव्हे तर १ पूर्णांक ७/८, २ आणि २ पूर्णांक ५/१६ इंचांचे असतात. २ इंची कपलरमध्ये १ पूर्णांक ७/८ इंचाचा गोळा बसतो, लॉकही लागते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात सुटतो. भंगारातून गोळा घेताना कॅलिपर लावूनच घ्यावा.

हुक मागच्या बंपरला जोडू नये. तो चासीच्या दोन्ही लाँग मेंबरला ८.८ दर्जाच्या बोल्टने जोडावा. आपण स्वतः वेल्डर असलो तरी चासीवर वेल्डिंग करण्याचा मोह टाळावा, कारण उष्णतेने पोलाद तिथे कमजोर होते. गोळा, पट्टी, कपलर, टायर यांत ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच सगळ्या जोडणीची क्षमता समजावी. परदेशात इसुझू डी-मॅक्ससारखी मध्यम पिकअप ब्रेक असलेला ३५०० किलोचा ट्रेलर ओढते, हे खरे आहे. पण तो आकडा इथल्या कोणत्याही पिकअपला लावू नये. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच प्रमाण.

दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन लावाव्यात. कपलर सुटला तरी दांडा त्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. साखळी वळणापुरती सैल असावी, रस्त्यावर घासणारी नसावी. ट्रॉलीला मागचे दिवे, ब्रेकचे दिवे आणि इंडिकेटर हवेतच. युरोपात ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असणे सक्तीचे आहे. हा आकडा आपणही लक्षात ठेवावा.

कायद्याकडेही दुर्लक्ष नको. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ नुसार ट्रेलरचा नोंदणी क्रमांक ट्रेलरच्या बाजूवर लिहिलेला असावा लागतो आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसावा लागतो. विम्याच्या कागदात ट्रॉलीची वेगळी नोंद आहे की नाही, हेही पाहून घ्यावे. अटल सेतूवर दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर आणि हळू चालणाऱ्या वाहनांना बंदी आहे. तिथे मोटारींची कमाल गती ताशी १०० किलोमीटर आहे. आपल्या मागे जड ट्रॉली असेल तर आधी परवानगीची खात्री करून घ्यावी. पूल जवळचा असला तरी ट्रॉलीसह वाशीचा रस्ता काही वेळा शहाणपणाचा ठरतो.

ट्रॉली झोके खाऊ लागली तर?

सर्व काळजी घेऊनही एखाद्या वेळी ट्रॉली झुलू लागेल. तेव्हा ब्रेकवर पाय मारू नये. स्टीअरिंग उलटसुलट फिरवू नये. गती वाढवून ती सरळ करण्याचाही प्रयत्न करू नये. अॅक्सिलेटरवरून पाय उचलावा, स्टीअरिंग घट्ट आणि सरळ धरावे. गती उतरली की झोके आपोआप थांबतात. मग बाजूला थांबून माल, दाब आणि टायरची हवा तपासावी. कारण सापडल्याशिवाय पुढे निघू नये.

मोजमापाला टेप, पाणसळ आणि वखारीतला काटा एवढेच लागते, आणि फार तर अर्धा दिवस जातो. जो उस्ताद शागिर्दाला एक सूत माप चुकले तर कान पिळतो, त्याने स्वतःच्या गाडीचा हुक अंदाजाने लावू नये. येत्या सुट्टीच्या दिवशी आपली पिकअप भरून उभी करा आणि टेप लावा. १३ सेंटिमीटर उतरवलेली पट्टी ५ ची करावी लागली तर तीच पहिल्या दिवसाची कमाई समजा.