ताप माणसाला, मूळ गोठ्यात

सायंकाळी अंगात कसर भरावी, रात्री दरदरून घाम येऊन अंथरूण भिजावे आणि सकाळी ताप उतरताच मनुष्याने कामाला लागावे. चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. सांधे दुखतात, कंबर धरते, भूक मंदावते. हिवताप आणि विषमज्वर यांच्या तपासण्या होतात, औषधे दिली जातात. तरीही ताप पुरता जात नाही. अशा वेळी क्वचितच विचारला जाणारा एक प्रश्न निर्णायक ठरू शकतो : "घरी गुरे आहेत का?"

जनावरांकडून माणसाला होणाऱ्या ब्रुसेल्लोसिस या जिवाणूजन्य रोगाचे ताप हे प्रमुख लक्षण आहे. संगणकनगरी म्हणून गाजलेल्या बंगळुरूशी गोठ्यातल्या या रोगाचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु उंच इमारतींच्या पलीकडे, देवनहळ्ळी, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर या भागांत दुग्धव्यवसाय आजही अनेक कुटुंबांचा आधार आहे. जनावरांच्या रोगांच्या साथींचा देशपातळीवर अभ्यास करणारी, 'निवेदी' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संस्थाही याच शहराच्या येलहंका भागात आहे. ब्रुसेल्लोसिसच्या निदानासाठी रक्तचाचणीचे संच या संस्थेने विकसित केले आहेत.

माल्टा बेटावरील शोध

या रोगाचा माग प्रथम लागला तो भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर. तेथील ब्रिटिश सैनिक दीर्घकाळ चालणाऱ्या तापाने बेजार होत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मृत सैनिकांच्या प्लीहेतून रोगाचा जिवाणू वेगळा केला. जिवाणू सापडला, पण तो येतो कोठून, हे कोडे पुढे अठरा वर्षे सुटले नाही. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरला शेळ्यांच्या रक्तात त्याचा पुरावा मिळाला. शेळ्या दिसायला धडधाकट होत्या. रोग त्यांच्या दुधातून पसरत होता. १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद होताच छावणीतील तापाचे रुग्ण झपाट्याने घटले.

गोठ्यातील खुणा

गायी-म्हशींमध्ये हा रोग 'सांसर्गिक गर्भपात' या नावाने ओळखला जातो. गाभण जनावर पाचव्या महिन्यानंतर, बहुधा सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, वार अडकते, दूध घटते. फसगत होते ती पुढे. तीच गाय पुढच्या वेळी व्यवस्थित विते, निरोगी दिसते आणि तरीही वितेवेळी व दुधावाटे जिवाणू बाहेर टाकत राहते.

माणसाला संसर्ग होतो तो मुख्यतः दोन मार्गांनी : न उकळलेले दूध व त्यापासूनचे पदार्थ पोटात गेल्याने, आणि वार, गर्भपातातील स्राव किंवा मृत वासरू उघड्या हातांनी हाताळल्याने. हातावरील लहानशी जखमही जिवाणूंना पुरते. म्हणूनच पशुपालक, पशुवैद्यक, खाटीक आणि प्रयोगशाळेतील कर्मचारी यांना धोका अधिक असतो. माणसाकडून माणसाला मात्र हा रोग क्वचितच होतो.

डॉक्टरांना काय सांगावे

शिल्लक जुळेना की बँकेत मूळ व्हाउचरापर्यंत जावे लागते. तापाचेही तसेच आहे. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास दोन ते चार आठवडे, कधी काही महिनेही लागतात. तोवर गाय गाभडल्याची आठवणही मागे पडलेली असते. म्हणून लांबलेल्या तापात रुग्णाने घरची जनावरे, अलीकडे झालेला गर्भपात, कच्चे दूध पिण्याची सवय, या गोष्टी आपण होऊन डॉक्टरांना सांगाव्यात. त्यांवरून योग्य रक्ततपासणीची दिशा मिळते.

निदान झाल्यावर रोग आटोक्यात येतो. साधारणपणे दोन प्रतिजैविके एकत्र आणि किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप उतरला म्हणून ती मध्येच सोडल्यास रोग उलटतो. दुर्लक्ष झाल्यास मणका, सांधे, क्वचित हृदयाच्या झडपाही बाधित होतात. माणसासाठी या रोगाची लस उपलब्ध नाही.

प्रतिबंध आणि पत

उपाय मात्र साधे आहेत. दूध उकळूनच प्यावे. पाश्चरीकरणातही हे जिवाणू मरतात. खरवसासाठीचा चीकही पूर्ण शिजवावा. विताना मदत करताना रबरी हातमोजे वापरावेत, वार व मृत गर्भ चुना टाकून खोल पुरावेत, गाभडलेले जनावर वेगळे बांधून पशुवैद्यकाला बोलवावे. चार ते आठ महिने वयाच्या कालवडींना व पारड्यांना आयुष्यात एकदाच लस द्यावी लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकुतासोबत या रोगाच्या लसीकरणाचाही समावेश करण्यात आला. ही लस जिवंत जिवाणूंची असल्याने ती प्रशिक्षित व्यक्तीनेच टोचावी.

किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ मध्ये पशुपालनालाही लागू झाली. कर्जावर घेतलेली गाय गाभडली, तर वासरू जाते, दुधाचा हंगाम बुडतो आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला उभा राहतो. त्यातच घरचा कर्ता तापाने अंथरुणाला खिळला, तर धारा काढायलाही माणूस उरत नाही. जनावर खरेदी करताना वय, वेत आणि दूध यांची चौकशी सारेच करतात. त्याच वेळी रक्ताची तपासणी करून घेतली आणि कालवडीच्या लसीची नोंद पाहिली, तर गोठा आणि घर दोन्ही राखले जातात.