दार, रंग आणि सरफेस टेन्शन

दिवाळीच्या सुट्टीत सटाण्याला आजोबांच्या खोलीचं दार मी रंगवलं. भर उन्हात, एकच जाड हात! संध्याकाळी बघतो तर ओघळ आणि ब्रशच्या रेघा. आजोबा काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

मित्रांनो, कारण साधं आहे. सरफेस टेन्शनमुळे रेघा आपोआप सपाट होतात, पण रंग ओला असेपर्यंतच. उन्हात टर्पेंटाइन लवकर उडतं, रेघा तशाच राहतात. आणि जाड थर स्वतःच्या वजनाने ओघळतो.

म्हणून आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. प्रायमर मारा, खड्डे लांबीने भरा. वाळल्यावर २२० ने घासून धूळ पुसा. मग सावलीत दोन पातळ हात, मध्ये एक रात्र.

दुसऱ्यांदा असंच केलं. आजोबांनी दारावरून तळहात फिरवला. माझ्यासाठी तोच रिझल्ट!