‘लव्ह’ आणि ‘लोभ’ : एकाच घरचे दोन शब्द



‘लव्ह’ हा इंग्रजी शब्द आज पिपरी मेघेतल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण त्याचा एक सख्खा नातलग आपल्या मराठीत आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. तो शब्द म्हणजे ‘लोभ’!

जुन्या इंग्रजीत ‘लव्ह’चे रूप ‘लुफु’ असे होते. जर्मन भाषेत प्रेमाला ‘लीबे’ म्हणतात. संस्कृतात ‘लुभ्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ तीव्र ओढ वाटणे. त्यापासून ‘लोभ’ झाला. इंग्रजीने हा शब्द संस्कृतातून उचलला, असे मात्र नाही. दोन्ही शब्द एकाच प्राचीन मूळ भाषेतून आले. आपल्याकडील भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ सालीच गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात नोंदवले होते.

आता प्रश्न असा, की धर्मशिक्षणात आपण लोभाला सात प्रमुख पापांत मोजतो. मग एकाच मुळातून प्रेम आणि पाप कसे निघाले?

उत्तर मराठीतच आहे. आपण लोभी माणसाला नावे ठेवतो, पण गोड बाळाला ‘लोभस’ म्हणतो. जुन्या पत्रांच्या शेवटी तर ‘लोभ असावा, ही विनंती’ असे आवर्जून लिहीत. तेथे लोभ म्हणजे निव्वळ माया.

मूळ शब्द केवळ ओढ सांगतो. ती ओढ कोणत्या दिशेने जाते, हे आपल्यावर आहे. ‘हे माझे झाले पाहिजे’ असे म्हटले की ती हाव होते. ‘तुझे भले व्हावे’ असे म्हटले की तीच प्रीती होते. पुष्कळदा आईवडिलांचे मुलांवरील, पतीचे पत्नीवरील प्रेमही नकळत मालकी गाजवू लागते. शब्द प्रेमाचा असतो, वागणे लोभाचे!

आणखी एक गोष्ट. विश्वास ठेवणे या अर्थाचा इंग्रजी ‘बिलीव्ह’ हा शब्दही याच कुळातला. ज्याला आपण प्रिय मानतो, त्याच्यावर विसंबतो. म्हणून जेथे पहारा व संशय आहे, तेथे प्रेम अजून पुरते रुजलेले नाही.

या आठवड्यात आपल्या घरातील एकेका माणसाकडे पाहून स्वतःला विचारावे : माझा याच्यावर लोभ आहे, की मला याचा लोभ आहे?