दुर्गम जागेचे पैसे घेता, मग जबाबदारी कुणाची?

शुक्रवारी रात्री नऊनंतर बंगळुरात के. आर. पुरमजवळच्या टिन फॅक्टरीच्या स्टॉपवर उभं राहिलं की पाठीला सॅक लावलेली मंडळी आणि त्यांना गोळा करत फिरणारे टेम्पो ट्रॅव्हलर दिसतात. यातल्या काही गाड्या तुमकूर, शिमोगा करत सकाळी सागर तालुक्यात, शरावतीच्या बॅकवॉटरकाठी तंबूत मुक्कामाला पोचतात. डोंगरातलं जंगल, पुढ्यात तळं, वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, फक्त तुम्ही आणि निसर्ग, अशी जाहिरात असते. तिच्यातलं बहुतेक सगळं खरं असतं, तीच तर गोम आहे. ज्या आयोजकामुळे हे लिहायची वेळ आली त्याचं नाव घेत नाही आणि झाल्या प्रकाराचं पुराणही लावत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की रस्ता नाही, दवाखाना नाही, रेंज नाही ही जोखीम आहे, आणि जो ती जोखीम पैसे घेऊन विकतो त्याची तयारी शहरातल्या हॉटेलवाल्यापेक्षा जास्त हवी. चालतं नेमकं उलट. जागा जितकी आडबाजूची, तितकं आयोजकाला अंग झटकणं सोपं.

मुळात तळं म्हणून जे दाखवलं जातं ते लिंगनमक्की धरणाचं पाणी. १९६४ साली धरण झालं आणि शरावतीच्या पलीकडची तुमरीकडची गावं पाण्यामागे अडकली. तालुक्याला जायचं तर लाँच, आणि संध्याकाळनंतर लाँच बंद. रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर काय करायचं, या प्रश्नासोबत त्या लोकांनी साठ वर्षं काढली. या पाण्यावर सिगंदूरचा केबलवर तोललेला पूल झाला तो जुलै २०२५ मध्ये. (आमच्या के. आर. पुरमला तसा पूल रेल्वेरुळांवर दोन दशकांपूर्वीच मिळाला, आणि आम्ही त्यावरच्या ट्रॅफिकला शिव्या घालतो.) तिथल्या माणसांनी ज्या अडचणीतून सुटका व्हावी म्हणून अर्ज-विनंत्या केल्या, तीच अडचण आम्हाला पॅकेजमध्ये घालून विकली जाते. आणि धरणाचं पाणी नैसर्गिक तळ्यासारखं वागत नाही. हंगामागणिक ते खाली उतरतं, उघड्या पडलेल्या काठावरचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की आत जातो. बुडालेल्या जंगलाची खोडं पाण्याखाली उभी आहेत. जुन्या नदीपात्राचा उतार कुठे सुरू होतो ते वरून कळत नाही. पोहता येणाऱ्याने अशा पाण्यात जास्त घाबरावं, कारण न येणारा निदान काठावर थांबतो. लाइफ जॅकेट मिळतं म्हणे. जॅकेट मिळणं वेगळं आणि ते तुमच्या मापाचं, सगळी बकलं शाबूत असलेलं मिळणं वेगळं. अंगावर चढवून, पट्टे आवळून, दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा; जॅकेट कानापर्यंत वर सरकलं तर ते नसल्यातच जमा.

पण पाणी निदान डोळ्यांना दिसतं तरी. ज्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही तो धोका पालापाचोळ्यात असतो. १९५७ साली याच शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने आजारी पडली, आणि एक नवा विषाणू सापडला. जगात तो क्यासनूरच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांद्याच्या लोकांना तो माकडताप म्हणून २०१६ पासून चांगलाच ठाऊक आहे, आणि गोव्यात सत्तरीलाही. तो पसरतो गोचिडीतून. चावणारी पिल्लं टाचणीच्या डोक्याएवढी असतात, चावलेलं कळतही नाही. साथीचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. तंबूंचा हंगाम कोणता? तोच. पावसाळा संपला, जंगल सुकलं, पानगळ झाली की बुकिंगं सुरू होतात आणि त्याच पानांवर चटई अंथरली जाते. २०१८-१९ च्या हंगामात सागर तालुक्यातल्या अरलगोडू भागात मोठी साथ आली, माणसं दगावली. आरोग्य खातं तिथल्या गावकऱ्यांना अंगाला लावायला डेपा नावाचं तेल फुकट वाटतं. जंगलात जाण्याआधी हातापायांना चोळायचं, परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करायची आणि कपडे उकळायचे, हे तिथल्या बाईमाणसांना पाठ आहे. शहरातून पैसे भरून आलेल्याला मात्र त्या तेलाचा थेंबही मिळत नाही आणि आजाराचं नावही कळत नाही. यावर आयोजकांचं उत्तर ठरलेलं आहे: 'सर, उगाच घाबरवून कशाला सोडायचं?' घाबरवू नका, सांगा! विजार मोज्यात खोचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, तंबूखालचा पाचोळा झाडून मोकळ्या मातीवर तंबू लावा, झोपण्याआधी काखा, जांघा आणि गुडघ्यांमागची जागा बॅटरीने तपासा, एवढं सांगायला किती वेळ लागतो? आणि माकड मेलेलं दिसलं तर तिथून दूर व्हा, वनखात्याला कळवा. परतल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत अचानक थंडी वाजून ताप भरला, डोकं आणि अंग ठणकू लागलं, तर कुठल्या जंगलात राहून आलात ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. बंगळुरातला डॉक्टर आधी डेंग्यू तपासणार, त्यात त्याची काही चूक नाही.

शेकोटीचंही तसंच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० प्रमाणे अभयारण्याला धोका पोचेल अशी आग तिथे पेटवणं हा गुन्हा आहे, आणि शरावती खोऱ्याचा मोठा भाग अभयारण्यात येतो. तरी पॅकेजमध्ये कॅम्पफायर छापलेलाच. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून जास्त ट्रेकर गेले, त्यानंतरही कोरड्या गवताशेजारी गाणी म्हणत बसण्याची हौस कमी झालेली नाही. वायनाडमध्ये मेप्पाडीला जानेवारी २०२१ मध्ये तंबूत उतरलेल्या तरुणीला हत्तीने मारलं. नंतर परवान्यांची चौकशी, बंदी, सगळं झालं. वरातीमागून घोडं.

आता आक्षेप. पहिला असतो पैशांचा: एवढ्या पैशांत काय पंचतारांकित सेवा पाहिजे का? नको. मला गादी नको, गरम पाणीही नको. जवळचा दवाखाना किती लांब आहे, रात्री गाडी आणि ताजातवाना ड्रायव्हर जागेवर आहे का, वनखात्याची परवानगी कुणाच्या नावावर आहे, या तीन गोष्टी खऱ्या सांगायला एक पैसा लागत नाही. दुसरा आक्षेप साहसाचा: धोका नको तर घरी बसा. पण साहस करणारा धोका ओळखून पत्करतो. जो त्याच्यापासून लपवून ठेवलाय तो पत्करायचा कसा? तिसरा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो, तो म्हणजे स्थानिकांच्या पोटाचा. धरणाने ज्यांची जमीन खाल्ली त्यांनी पर्यटनातून चार पैसे मिळवले तर त्यात वावगं काहीच नाही. मावळात पवनेच्या काठावरही तंबू लावणाऱ्यांत धरणाची झळ सोसलेले गावकरी आहेत. पण बंगळुरात बसून बुकिंग घेणारा आणि तिथे भात शिजवणारा यांच्यात पैशांची वाटणी कशी होते ते विचारून पाहा. शक्य असेल तिथे गावकऱ्यांशी थेट बोला. पाणी कुठे खोल आहे, गोचीड कुठे आहे, गवा कुठून उतरतो हे त्यांनाच माहीत असतं.

आणि परदेशातली उदाहरणं कुणी तोंडावर फेकू नयेत. अमेरिकेत स्थायिक झालेले आपले लोक मोठ्या कौतुकाने सांगतात की तिकडच्या डोंगरी तळ्याकाठच्या जागांवरही वीज नसते, नळ नसतो. खरं आहे. पण योसेमिटीसारख्या ठिकाणी अस्वलांपासून अन्न राखायला लोखंडी पेट्या बसवलेल्या असतात आणि त्या न वापरल्यास दंड होतो. वणव्याच्या दिवसांत आगबंदीचा फलक लागतो आणि लोक तो पाळतात. साधेपणा तिथेही आहे, पण तो कुणीतरी विचार करून आखलेला आहे. आपल्याकडे काहीच न करण्याला साधेपणा म्हणतात.

या धंद्याची खरी ओळख पटते ती पैसे भरल्यानंतर. आगाऊ रक्कम जाईपर्यंत अर्ध्या मिनिटात उत्तर देणारा माणूस त्यानंतर मेसेजवर निळ्या टिक्स दाखवून गप्प होतो. तक्रार केली की आधी 'जंगल आहे, एवढं चालायचंच', मग 'बाकीच्यांना तर आवडलं', आणि शेवटी तो फॉर्म पुढे येतो, ज्यावर गाडीत चढताना अंधारात सही घेतलेली असते की सगळं तुमच्या जोखमीवर. ती सही करण्याआधी फॉर्मचा फोटो काढा. परवानगीचा कागद आधी मागवा. 'आपली ओळख आहे' असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. पावती घ्या, चहाच्या पैशांचीसुद्धा. स्वतःची प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी आणि जादा बॅटरी न्या. तंबूत शेगडी किंवा निखारे कितीही थंडी पडली तरी घेऊ नका, विषारी वायूने झोपेतच जीव जातो. ज्या ड्रायव्हरने शुक्रवारची रात्र जागून काढली त्यालाच रविवारची रात्रही जागायला लावणार असतील तर रेल्वेने जा. सागर तालुक्यातल्या तालगुप्प्यापर्यंत गाडी जाते. घरी कुणाला तरी नकाशावरची जागा आणि परतीची वेळ देऊन ठेवा. मुलं बरोबर असतील तर हे सगळं दुप्पट.

आणि तोंडाला पानं पुसली गेलीच तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला शुल्क लागत नाही, आणि ती घरबसल्या ऑनलाइन करता येते. माझी दाखल झालेली आहे.